बेंबीच्या वरची कळ आणि पहिले तीन दिवस: स्वादुपिंडाच्या सुजेचा रुग्ण ठाणे–नवी मुंबईत कसा सांभाळायचा

जेवणानंतर तासा-दोन तासांनी बेंबीच्या वर, छातीच्या पिंजऱ्याच्या खाली कळ सुरू होते. ती मुरड्यासारखी येत-जात नाही. अर्ध्या तासात चढते आणि तशीच राहते. साधारण निम्म्या जणांची कळ आरपार पाठीत जाते. रुग्णाला आडवं पडवत नाही, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. उलट्या होतात, पण उलटी झाल्यावर मोकळं वाटत नाही. हे सगळं एकत्र दिसलं की ओवा, इनो, गॅसची गोळी यांत वेळ घालवू नये. दोन तासांत कळ उतरली नाही तर रुग्णालय गाठावं, आणि तिथे पोचल्यावर आपणहून विचारावं, ‘डॉक्टर, स्वादुपिंडाला सूज असेल का?’ हा प्रश्न विचारल्याने कोणाचा मान जात नाही आणि अनेकदा चार-सहा तास वाचतात.

चाळिशीपुढचा माणूस, मधुमेही किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर पहिली तपासणी ईसीजीची. हृदयाचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखत येऊ शकतो. अल्सर फुटला असेल तर उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसते. मूल होण्याच्या वयातल्या बाईची लघवीची गर्भधारणा चाचणी दोन मिनिटांत होते, ती सोडू नये.

या आजाराची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. तिसरं कारण रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी, ती डेसिलिटरमागे 1000 मिलिग्रॅमच्या वर गेली की धोका खरा. त्याखेरीज वाढलेलं कॅल्शियम, काही औषधं, पोटाला मार, ईआरसीपीनंतरचा (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीवर करायच्या उपचारानंतरचा) त्रास. जगभर या आजाराचे रुग्ण वाढत आहेत आणि मृत्यूचं प्रमाण मात्र उतरत आलं आहे. लठ्ठपणा, मधुमेह आणि खडे वाढले, शिवाय लायपेजची (स्वादुपिंडातून रक्तात उतरणाऱ्या पाचकरसाची) तपासणी सहज होऊ लागल्याने पूर्वी ‘गॅस्ट्रिक’ म्हणून घरी जाणारे आता नोंदले जातात. अमेरिकेत वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास रुग्ण यासाठी दाखल होतात. तिथे कृष्णवर्णीयांत हा आजार गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, आणि तिथल्या आपत्कालीन विभागांत कृष्णवर्णीयांना वेदनाशामक कमी दिलं जातं हेही अनेक अभ्यासांतून पुढे आलेलं आहे.

आपल्याकडची दरी वेगळ्या जागी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी नुकसान करते. एकाला पहिल्याच रात्री सीटी, महागडं अँटिबायोटिक आणि पाच लिटर सलाईन मिळतं. दुसरा मुरबाडहून निघून तीन दारं फिरतो आणि पहिली बाटली लागेपर्यंत पहाट होते. बाई असेल तर तिची कळ आधी ‘अ‍ॅसिडिटी’ ठरते. पिणारा पुरुष असेल तर कारण ठरलेलंच, म्हणून त्याच्या पित्ताशयाकडे कोणी नीट बघत नाही. गंमत अशी की, या आजारात जीव वाचवणाऱ्या पहिल्या दिवसाच्या बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत: एक रक्ततपासणी, मोजून दिलेलं आरएल (रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन), लघवीची पिशवी आणि दुखणं थांबवणारं इंजेक्शन. पुढचं सगळं त्या गोष्टी नीट मिळाव्यात यासाठी.

कोणत्या दारात जायचं

दहातल्या आठ जणांची सूज सौम्य असते आणि आठवड्याच्या आत उतरते. त्यांना मुंबईला पळवण्याची गरज नाही. जवळच्या रुग्णालयात चार गोष्टी असल्या की पुरे: रात्री लायपेज किंवा अमायलेज (तसाच दुसरा पाचकरस) होतं, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तासाभरात मिळतं, चोवीस तासांच्या आत सोनोग्राफी करणारं कोणी आहे, आणि तासाला लघवी मोजणारी सिस्टर आहे. शेवटची गोष्ट पाटीवर लिहिलेली नसते, विचारावी लागते. निघण्याआधी एक फोन करा. ‘बेड आहे का’ एवढंच विचारू नका. ‘रात्री लायपेज आत होतं की बाहेर पाठवता’ हे विचारा. बाहेर पाठवणाऱ्या नर्सिंग होममध्ये रिपोर्ट सकाळी दहाला येतो आणि रात्र ‘गॅस’ समजून जाते.

ठाणे महापालिकेच्या हद्दीत सरकारी दार म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. नवी मुंबईत महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत आहेत. नेरूळ आणि कामोठ्यात खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून येणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, मग कळवा, मग शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय असा जातो. या साखळीतली प्रत्येक कडी दोन-तीन तास खाते. शीळफाट्यावर गाडी अडकली की आणखी एक तास. म्हणून गंभीर रुग्णाची मधली कडी गाळावी: जिथे आयसीयू, व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि ईआरसीपी एका छताखाली आहे तिथेच, बेड फोनवर पक्का करून, थेट न्यावं. पण न्यायच्या आधी, जिथे आहात तिथेच सलाईन सुरू करून.

108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगितलं तर साधी गाडी येण्याचा संभव असतो. श्वास मिनिटाला किती, नाडी किती, ऑक्सिजन किती, शुद्धीत आहे का, हे सांगा. कोविडात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत अजून आहे, तो इथे उपयोगी पडतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूक होते.

निदान

तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं: वर सांगितलेल्या जातीची कळ, लायपेज किंवा अमायलेज त्या लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट, किंवा सोनोग्राफी, सीटी, एमआरआयमध्ये सूज. कळ ठरलेल्या जातीची आणि लायपेज तिप्पट असेल तर निदानासाठी सीटीची गरज उरत नाही.

लायपेज आणि अमायलेज दोन्ही करायची गरज नाही; एकच करायचं तर लायपेज. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं. घरी तीन दिवस काढून आलेल्या रुग्णाचं अमायलेज साधारण आलं म्हणून त्याला परत पाठवलं जातं, हा ठाण्याच्या ग्रामीण पट्ट्यातून येणाऱ्यांच्या वाट्याला येणारा सर्रास घोळ. लायपेज आठवडा-दोन आठवडे वर राहतं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तरी अमायलेज खोटं साधारण येऊ शकतं. आणि एक: लायपेज 3000 आलं म्हणजे आजार 600 वाल्यापेक्षा गंभीर, असं नाही. आकडा निदानापुरता. तो रोज सकाळी करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पहिल्याच रक्तातून काय काय काढायचं ते ठरवून ठेवावं: सीबीसी, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, कॅल्शियम, बिलिरुबिन, एसजीपीटी आणि ट्रायग्लिसराइड. शेवटचं बहुतेक वेळा राहून जातं, आणि दोन दिवस उपाशी राहिलं की ते आपोआप उतरतं, मग कारण कायमचं हरवतं. नळीतलं रक्त थोडा वेळ ठेवल्यावर वरचा भाग दुधासारखा पांढरा दिसला तर लॅबवाल्याला ‘लायपेमिक (चरबीने दुधाळ) आहे का’ विचारा. त्याला लगेच कळतं. एसजीपीटी (यकृताची तपासणी) पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत 150 च्या वर असेल तर खड्याचा संशय बळावतो, मग रुग्ण पिणारा असो वा नसो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘गॅसमुळे स्वादुपिंड दिसलं नाही’ असं लिहून येतं आणि नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. त्या ओळीचा अर्थ ‘ठीक आहे’ असा होत नाही. या आजारात सोनोग्राफी मुख्यतः स्वादुपिंडासाठी नसतेच, ती पित्ताशय आणि पित्तनळी बघण्यासाठी. बारीक खडे आणि गाळ पहिल्या वेळी सुटू शकतात, म्हणून कारण सापडलं नसेल तर सूज उतरल्यावर पुन्हा करावी.

किती गंभीर, हे कसं ओळखायचं

बिसॅप नावाची पाच प्रश्नांची गुणपद्धत आहे, कागदाच्या तुकड्यावर होते. बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) 25 च्या वर, गोंधळलेली किंवा मंद शुद्ध, अंगभर दाहाची लक्षणं, वय 60 च्या वर, छातीत पाणी. प्रत्येकी एक गुण. दाहाची लक्षणं म्हणजे चारपैकी दोन: ताप 38 सेल्सियसच्या वर किंवा 36 च्या खाली, नाडी 90 च्या वर, श्वास 20 च्या वर, पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर किंवा 4,000 च्या खाली. तीन किंवा जास्त गुण झाले की आयसीयू असलेली जागा शोधायला लागायचं.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडच्या अनेक लॅब बीयूएन देत नाहीत, युरिया देतात. बीयूएन 25 म्हणजे युरिया साधारण 53. युरिया 40 बघून कोणी गुण दिला तर चूक, आणि बीयूएन 30 ला ‘युरिया 30, नॉर्मल’ म्हटलं तर त्याहून मोठी चूक. रिपोर्टवरचं नाव वाचा.

गुणांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दिशा. सीबीसीतलं पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) 44 च्या वर असेल तर अंगातलं पाणी सुजेत झिरपून रक्त घट्ट झालं आहे. सलाईन देऊन चोवीस तासांनी पीसीव्ही आणि युरिया उतरायला हवं. उतरलं नाही, क्रिएटिनिन चढलं, ऑक्सिजन घसरला, लघवी आटली, की आजार गंभीर वळणावर आहे. किडनी, फुफ्फुस किंवा रक्तदाब यांपैकी काही बिघडून 48 तासांत सावरलं तर मध्यम गंभीर. त्यापुढेही बिघडलेलं राहिलं तर गंभीर. मृत्यू मुख्यतः या शेवटच्या गटात होतात.

सलाईन: किती, कोणतं, किती वेगाने

सगळ्यात जास्त बदल इथे झाला आहे, आणि जुनी सवय इथेच सगळ्यात घट्ट आहे. पूर्वीचा मंत्र होता, जितकं जाईल तितकं द्या. 2022 मध्ये भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिकोतल्या रुग्णालयांत झालेल्या 249 रुग्णांच्या चाचणीत जोरात आणि बेताने, अशा दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. जोरात दिलेल्यांपैकी 20.5 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्के. आजाराची गंभीरता मात्र जोरात दिल्याने कमी झाली नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

बेताने म्हणजे किती, ते साठ किलोच्या माणसावर मांडू. तोंड कोरडं, नाडी जलद, लघवी कमी, म्हणजे पाणी कमी पडलेलं असेल तर किलोमागे 10 मिलि, म्हणजे 600 मिलि आरएल दोन तासांत. तशी चिन्हं नसतील तर हा पहिला लोट द्यायचाच नाही. त्यानंतर तासाला किलोमागे दीड मिलि, म्हणजे 90 मिलि. अर्धा लिटरची बाटली साडेपाच तास चालते. 20 थेंबांना 1 मिलि असा सेट असेल (पाकिटावर छापलेलं असतं) तर मिनिटाला 30 थेंब, दोन सेकंदांना एक. पंप नसलेल्या वॉर्डात नातेवाइकालाही मोबाइलचं घड्याळ लावून हे मोजता येतं. बाटली दीड तासात रिकामी होतेय किंवा दहा तास लटकतेय, दोन्ही दिसलं तर सिस्टरला सांगावं. थेंबांचा वेग ठरवणाऱ्या नळीवरच्या चाकाला स्वतः हात लावू नये.

पुन्हा बघायचं तीन तासांनी, बारा तासांनी, चोवीस तासांनी. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलि, म्हणजे साठ किलोला 30 मिलि तरी हवी. पिशवीवरच्या खुणा ठळक नसतात आणि पिशवी पलंगाला तिरकी अडकवली की आकडा चुकतो. सरळ टांगून, डोळ्यांच्या पातळीवर वाचावा, वेळ लिहावी. लघवी नीट, नाडी उतरलेली, पीसीव्ही खाली, की वेग कमी. घोट घोट पाणी जायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सलाईन बंद. उलट दम लागला, छातीत खरखर आली, पायांवर सूज आली तर सलाईन जास्त झालंय, हे आधी धरून चालावं.

हा बेताचा हिशेब रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला लागू नाही. त्याला जास्त लागतं, दाब वाढवणारी औषधं लागतात, आणि तो आयसीयूचाच रुग्ण. हृदय किंवा किडनी आधीच कमजोर असेल तर यापेक्षाही कमी. साध्या सलाईनपेक्षा आरएल बरं. कॅल्शियम वाढल्याने झालेली सूज हा त्याला अपवाद.

दुखणं सहन करायला लावू नका

‘वेदनाशामक दिलं तर निदान झाकलं जाईल’ ही जुनी समजूत आहे. निदान रक्ताने होतं. शिरेतून पॅरासिटामॉल 1 ग्रॅम, पुरलं नाही तर ट्रॅमाडॉल 50 ते 100 मिलिग्रॅम सावकाश, तेही पुरलं नाही तर फेंटानिल किंवा मॉर्फिन. मॉर्फिनने स्वादुपिंडाची नळी आवळते म्हणून ते वर्ज्य, असं अनेक पिढ्या शिकवलं गेलं. रुग्णांचं त्यामुळे नुकसान होतं असं दिसून आलेलं नाही. डायक्लोफेनॅक मात्र पाणी कमी पडलेल्या रुग्णाच्या किडनीला महाग पडतं, पहिल्या दिवशी टाळावं. छोट्या नर्सिंग होममध्ये मॉर्फिन किंवा फेंटानिल ठेवलेलं नसतं. 2014 मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी कागदपत्रांच्या धाकाने अनेक जण त्या वाटेला जात नाहीत. पिणाऱ्या रुग्णाला ‘याला सवय आहे, नाटक करतोय’ म्हणून कमी औषध मिळतं. त्याची कळ तीच असते.

पिणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक बघायचं. शेवटचा पेग कधी, हे वेळेसह सांगा. सहा ते चोवीस तासांत हात कापायला लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, घाम, आरडाओरडा. याला स्वादुपिंडाचं बिघडणं समजलं जातं किंवा नुसतं बांधून ठेवलं जातं. हा दारू तुटल्याचा त्रास आहे, त्याला वेगळं औषध आहे. ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) द्यायचं, एवढं तरी चुकू नये.

जे लागत नाही

तपासणी झाल्याबरोबर मेडिकलमधून आणायची यादी हातात येते. अँटिबायोटिक सौम्य सुजेत लागत नाही, गंभीर सुजेत प्रतिबंध म्हणूनही लागत नाही. पहिल्या आठवड्यातला ताप बहुतेक वेळा सुजेचाच असतो. लागतं ते पित्तनळीत पू झाला असेल, न्यूमोनिया असेल, किंवा दुसऱ्या आठवड्यापुढे स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात जंतू शिरले असतील तेव्हा. ऑक्ट्रिओटाइडने फायदा होत नाही हे बरंच जुनं झालं. युलिनास्टॅटिन आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, महाग आहे, आणि जगातल्या मोठ्या मार्गदर्शक सूचनांनी ते नेहमीचं औषध म्हणून स्वीकारलेलं नाही. उसनेपासने करून ते आणण्याआधी, ‘हे नसलं तर काय बिघडेल?’ असं शांतपणे विचारावं.

पाच दिवस उपाशी ठेवणंही गेलं. भूक लागली, उलटी थांबली, की चोवीस तासांच्या आत खायला द्यायचं. लायपेज उतरायची वाट बघायची नाही. पेज, मऊ गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, वरून तूप नाही, फोडणी नाही, साय काढलेल्या दुधाचं ताक. आधी चार चमचे, मग वाटी. खाल्ल्यावर कळ परतली तर काही तास थांबून पुन्हा. दोन-तीन दिवस तोंडाने जमलंच नाही तर नाकातून नळी. शिरेतून अन्न हा शेवटचा उपाय, कारण त्यात जंतुसंसर्ग जास्त. घरून डबा आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एक चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास चरबी.

सीटी पहिल्या दिवशी तेव्हाच, जेव्हा निदानच पक्कं होत नाही. स्वादुपिंडाचा भाग मेला आहे का हे डाय घालून केलेल्या सीटीत 72 ते 96 तासांनंतर नीट दिसतं. पहिल्या रात्री केलेला सीटी ‘फक्त सूज’ सांगतो आणि चौथ्या दिवशी परत करावा लागतो. रुग्ण सुधारत असेल तर मुळीच लागत नाही.

ईआरसीपीची घाई एकाच परिस्थितीत: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, उजवीकडे वर दुखणं, म्हणजे पित्तनळीत पू. तेव्हा चोवीस तासांच्या आत. नुसता खडा आहे म्हणून पहाटे ईआरसीपीला पळवल्याने फायदा होत नाही. 2020 च्या डच चाचणीने ते दाखवलं. मेलेला भाग लगेच कापून काढणंही मागे पडलं. शक्यतो चार आठवडे थांबतात, जंतू शिरले तर आधी नळी टाकून पू काढतात, पुरलं नाही तर दुर्बिणीतून. 2010 च्या अशाच चाचणीत नळी टाकलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त रुग्णांना पुढे काहीच करावं लागलं नाही. तेव्हा ‘आज रात्रीच पोट उघडतो’ असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घेण्याइतका वेळ बहुतेक वेळा असतो.

ट्रायग्लिसराइडमुळे झालेल्या सुजेत तासाला किलोमागे 0.1 युनिट इन्सुलिन, सोबत ग्लुकोज, आणि तासातासाला साखर. ट्रायग्लिसराइड 500 च्या खाली येईपर्यंत. हे साध्या वॉर्डात जमणारं काम नाही.

हलवायचं असेल तर

दोन शिरा, आरएल चालू, लघवीची नळी आणि पिशवी, ऑक्सिजन, वेदनाशामक देऊन झालेलं. उलट्या सतत असतील तरच नाकातली नळी. चिठ्ठीत ‘रेफर टू हायर सेंटर, बेड नॉट अव्हेलेबल’ एवढं लिहून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. त्यात हवं ते असं:

कळ किती वाजता सुरू झाली, लायपेजचा आकडा आणि त्या लॅबची मर्यादा, आल्यापासून किती मिलि सलाईन गेलं आणि लघवी किती झाली, शेवटचं वेदनाशामक कोणतं आणि किती वाजता, पीसीव्ही, युरिया, क्रिएटिनिनचे आकडे तारीख-वेळेसह, ईसीजी, आणि पुढे फोनवर कोणाशी बोलणं झालं त्यांचं नाव.

नातेवाइकांनी सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. मूळ फाइल पहिल्या काउंटरवर अडकते आणि रक्त पुन्हा पहिल्यापासून काढलं जातं.

पैसे आणि कागद

तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2024 पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. योजनेत असलेल्या रुग्णालयात प्रवेशद्वाराजवळ आरोग्यमित्र बसतो. रात्री तो नसेल तर 155388 वर फोन करून विचारा की या रुग्णालयात या आजारासाठी सोय आहे का. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. शिधापत्रिका आणि आधार घरी राहिलं म्हणून डिपॉझिट भरून बसू नका. एकदा रोख रुग्ण म्हणून नोंद झाली की योजनेत वळवणं कटकटीचं होतं.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला लागतो, आणि तो रुग्ण आत असताना काढायला धावण्यापेक्षा कपाटात आधीच असलेला बरा.

मेडिक्लेमवाल्यांसाठी एक बारीक पण मोठी गोष्ट. व्यसन आणि त्याचे परिणाम हे पॉलिसींतलं ठरलेलं वर्ज्य कलम आहे, आणि स्वादुपिंडाच्या सुजेचे दावे त्यावर अडतात. डॉक्टरपासून दारू लपवू नका, त्यात जीव जाऊ शकतो. पण सोनोग्राफीत खडे असतील तर डिस्चार्ज कार्डावर कारण म्हणून ते लिहिलं गेलं आहे का, हे वाचून घ्या. ज्याचं कारण खडा आहे आणि जो वर्षातून दोनदा लग्नात घेतो, त्याच्या कार्डावर घाईत ‘अल्कोहोलिक’ पडतं. आजाराची खरी नोंद तपासणीनुसार करून मागणं हा हक्क आहे, खोटं लिहून मागणं नाही.

घरी जायच्या आधी

सौम्य सूज, कारण खडे: पित्ताशय याच वेळी, दाखल असतानाच काढून घ्यावं. 2015 च्या डच चाचणीत थांबलेल्यांपैकी 17 टक्के जणांना खड्यांचा त्रास होऊन परत दाखल व्हावं लागलं किंवा मृत्यू आला, लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांत 5 टक्के. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या यादीत नाव लागतं आणि रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणून गावी जातो. पुढची कळ पहिलीपेक्षा जड असू शकते. तारीख लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नये. गंभीर सूज असून आत पाणी साचलं असेल तर मात्र साधारण सहा आठवडे थांबणं बरोबर आहे.

दारू कारण असेल तर दाखल असतानाच समुपदेशकाशी बोलणं घडवून आणावं; त्याने पुन्हा येणं कमी होतं. विडी-सिगारेटही सोबतच सुटायला हवी, ती स्वतंत्रपणे स्वादुपिंडाला त्रास देते. ट्रायग्लिसराइडवाल्याची गोळी आयुष्यभराची, आकडा उतरला म्हणून बंद करायची नाही.

तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी, मग दर वर्षी. या आजारातून उठलेल्या दर पाचांत साधारण एकाला पुढे मधुमेह होतो. शौच तेलकट, तरंगणारी, घाण वासाची होऊ लागली आणि वजन उतरू लागलं तर पाचकरस कमी पडतोय. त्याच्या कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्याव्या लागतात, जेवण संपल्यावर नाही. आणि महिन्या-दीड महिन्याने पोट फुगलेलं, चार घासांत भरलेलं वाटू लागलं तर सोनोग्राफी परत. आत पाण्याची पिशवी तयार झालेली असू शकते.